घोटा

रविवार, रात्रीचे साडेअकरा

गाडीचा डावा बेलो, म्हणजे तिला हवेवर तोलून धरणारा रबरी फुगा, नवा बसवून झाला. गाडी सरळ उभी आहे. आज एवढंच लिहून झोपायला हवं होतं, पण चिनूचा हात डोक्यातून जात नाही.

मी गाडीखाली होतो तेवढा वेळ त्याने माझा घोटा धरून ठेवला होता. जुना बेलो बाहेर सरकवला, नवा आत घेतला, तरी सोडला नाही.

मी एवढा म्हातारा दिसतो का? गाडीला टेकू देणाऱ्या घोड्या मी स्वतः लावल्या होत्या, चेसिसखाली, दोन्ही बाजूंनी. नुसत्या जॅकवर मी कधीच आत जात नाही, बेलोतल्या हवेच्या भरवशावर तर नाहीच. हवेची टाकी रिकामी केली, गाडीची उंची राखणाऱ्या लेव्हलिंग व्हॉल्व्हची दांडी सोडून खाली ओढली, हवेचं फुस्स पूर्ण थांबल्याशिवाय नळीला पाना लावला नाही. हे सगळं मीच त्याला शिकवलं. आणि तोच असा, जसा काही मी निसटून चाललो. वरचा नट गंजून धरला होता, हात थरथरला तो त्यामुळं. त्याने ते पाहिलं असणार.

"बाबा, या ना बाहेर. मी लावतो."

"काऊन? होऊन राहिलं ना."

मग बोलला नाही. घोटा मात्र धरलेलाच.

दिवाळीपासून गाडी रात्रीतून डावीकडे बसत होती. आधी दोन बोटं, मग चार. साबणाचं पाणी मारलं तर बरोबर बेलोच्या घडीत बुडबुडे; रबराला भेगा पडून आतली दोऱ्यांची वीण दिसायला लागलेली. तीन उन्हाळे गाडीनं अंगणात उभ्यानंच काढले. चिखलदऱ्यानंतर आम्ही कुठे गेलोच नाही. ते जाऊ दे.

पण घोटा का धरावा? हाक मारली असती तरी मी ओ दिली असती.

आत्ता लिहिता लिहिता आठवलं. तो चार-पाच वर्षांचा असेल. याच कडुनिंबाखाली मी जुन्या जीपच्या खाली पडलेलो, आणि हा सारखा फाटकाकडे पळायचा. मी म्हटलं होतं, माझा पाय धरून बस, सोडला की मला कळते. तासभर बसायचा, दोन्ही हातांनी धरून.

त्याला ते आठवतं का, विचारलं नाही. जेवताना दोनदा तोंडाशी आलं. तो टॉर्क पाना पुसून जागेवर ठेवून कूलरमध्ये पाणी भरायला निघून गेला. जूनमध्ये पुण्याला जाईल, मग हा कूलर...

मघाशी टॉर्च घेऊन चाकाच्या कमानीपर्यंत टेप लावून पाहिला. संध्याकाळी होती तेवढीच उंची. एक सूतही उतरली नाही.

उद्या उजवा. एकच बदलून भागत नाही, दोन्ही बरोबरीचे लागतात. तो म्हणतो, उद्या मी आत जातो. जाऊ देईन. घोड्या मात्र मी लावणार.