तिसरे अंडे
अमेरिकेत मिळणाऱ्या ब्राउनीच्या तयार मिश्रणाच्या खोक्यावर, बहुधा मागच्या बाजूस बारीक अक्षरांत, केकसारखी ब्राउनी हवी असल्यास एक अंडे जास्त घालावे अशी सूचना असते; ती मी कित्येक वर्षे वाचलीच नव्हती. दोनाऐवजी तीन अंडी घातली की पाणी आणि प्रथिने वाढतात, त्यामुळे भाजताना मिश्रण अधिक फुगते आणि आतून चिकट न राहता जाळीदार होते. ओव्हन नेहमीसारखा ३५० अंश फॅरनहाइटवरच ठेवावा. फेटण्याच्या उत्साहाला मात्र आवर घालावा, कारण फार घोटल्यास ब्राउनी चिवट होते, आणि हे मी पाहुण्यांच्या देखत शिकले आहे. मध्यभागी खुपसलेल्या काडीला ओले पीठ न लागता दोन-चार कण चिकटले, की भांडे बाहेर काढावे. आमच्याकडे कडेचे तुकडे आधी संपतात.