बुधवारची मीटिंग नक्की कुठे सरकली?

हडपसरच्या एका कंपनीत मी बरीच वर्षं होते. काम म्हणजे लंडन आणि न्यू जर्सीच्या लोकांच्या मीटिंगा जुळवायच्या, मिनिट्स लिहायची आणि कुणी रुसलं तर समजूत काढायची. इंग्रजीची भीती कधी वाटली नाही. बारावीला इंग्रजीत शहात्तर मार्क होते, हे मी अजूनही विषय नसताना सांगते.

एकदा लंडनहून मेल आला: ‘नेक्स्ट वेनस्डेज मीटिंग हॅज बीन मूव्ह्ड फॉरवर्ड बाय टू डेज.’ सोपं आहे की! मी शुक्रवार टाकला, सहा जणांना कळवलं. सोमवारी दुपारी मी डबा धूत होते आणि फोन वाजला. लाइनवर तिकडचे चार जण वाट बघत बसले होते, आमच्याकडचं कुणीच नाही.

माझं काय चुकलं? आपल्याकडे परीक्षा पुढे गेली, लग्न पुढे ढकललं, म्हणजे लांबलं. लवकर उरकायचं असेल तर आपण तारीख ‘अलीकडे’ घेतो. इंग्रज मात्र काम लांबवायचं असलं की ‘पुश बॅक’ करतो. मागे ढकलतो आणि ते पुढे जातं! त्याच्या ‘फॉरवर्ड’चा अर्थ बहुतेक वेळा अलीकडे असाच असतो.

बहुतेक वेळा, नेहमी नाही. नंतर कधीतरी लेरा बोरोडित्स्की या मानसशास्त्रज्ञ बाईंबद्दल वाचलं. त्यांनी अमेरिकेत जवळपास हेच वाक्य लोकांपुढे ठेवलं, तर काही म्हणाले सोमवार, काही म्हणाले शुक्रवार. २००२ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात गंमत अशी, की नुकतेच विमानातून उतरलेले लोक शुक्रवारकडे जास्त झुकत होते. आपण स्वतः पुढे जात असलो की मीटिंगही आपल्याबरोबर पुढे जाते. मी रोज स्वारगेटहून बस पकडून यायचे, त्यामुळे माझा शुक्रवार शास्त्राला धरून होता. साहेबांना हे तेव्हा सांगता आलं नाही, फार वाईट वाटतं.

त्या दिवसापासून मी सरळ ‘प्रीपोन’ लिहायला लागले. लंडनवाले हसायचे, असा शब्दच नाही म्हणायचे. आता ऑक्सफर्डच्या कोशात आहे. बसा.

पण लंडनवाले आणि न्यू जर्सीवाले एकमेकांत अडकायचे तेव्हा मला खरी मजा यायची. एका कॉलवर न्यू जर्सीचा म्हणाला, ‘लेट्स टेबल धिस.’ लंडनवाल्याने लगेच फाइल उघडून वाचायला सुरुवात केली. अमेरिकेत ‘टेबल’ करणं म्हणजे विषय बाजूला ठेवणं, ब्रिटनमध्ये म्हणजे चर्चेला घेणं. चर्चिलनेही युद्धाच्या आठवणींत हा घोळ लिहून ठेवलाय. तेव्हा याच शब्दावरून ब्रिटिश आणि अमेरिकन भांडत बसले होते, आणि हवं होतं दोघांनाही एकच.

‘सँक्शन’चा घोळ मात्र घरात झाला. जून २०१० मध्ये आमचं होम लोन सँक्शन झालं आणि त्याच आठवड्यात पेपरात बातमी, सुरक्षा परिषदेने इराणवर सँक्शन्स लादली. एकीकडे मंजुरी, एकीकडे निर्बंध. मूळ लॅटिन, कायद्याने पक्कं करणं अशा अर्थाचं. कायदा परवानगीही देतो आणि शिक्षाही, म्हणून दोन्ही अर्थ तिथूनच फुटले. आमचे हे हप्त्याचा आकडा बघून म्हणाले, ‘आपल्याला दुसऱ्या अर्थाने मिळालंय.’

‘ओव्हरसाइट’ने तर मला रडवलं. एका सर्क्युलरचं मराठी करताना ‘समितीच्या देखरेखीमुळे’ असं लिहून बसले. मुळात म्हणायचं होतं, समितीच्या नजरचुकीमुळे. छापायच्या आधी शिपायाने पकडलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण त्या समितीला तो ओळखत होता.

टँकरवरच्या ‘इनफ्लेमेबल’ला मात्र हसू नये. ते ‘इन’ नकाराचं नाही, पेट घेण्याच्या क्रियापदातलंच आहे. पण ‘न पेटणारं’ असं वाचून कुणी बिडी शिलगावली तर? म्हणून अमेरिकेतल्या अग्निसुरक्षावाल्यांनी नुसतं ‘फ्लेमेबल’ लिहायचा आग्रह धरला. आपल्या टँकरांवर मी अजूनही बहुतेक जुनंच बघते.

हे सगळं मी एकदा ऑफिसातल्या कानपूरच्या मैत्रिणीला रंगवून सांगत होते. इंग्रज कसे विचित्र वगैरे. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘ताई, तुमचा परवा कुठला? गेलेला की येणारा?’ मी म्हटलं, अगं, ते क्रियापदावरून कळतं. ‘कळतं तुम्हाला,’ ती म्हणाली. मग तिने तिची गोष्ट सांगितली. पुण्यात नवीन असताना रात्री साडेनऊला ती कोपऱ्यावरच्या वाण्याकडे साखर आणायला गेली. तो शटरला हात घालत म्हणाला, ‘दुकान वाढवतोय ताई, उद्या या.’ तिला मनापासून आनंद झाला. तिने विचारलं, ‘अरे वा! शेजारचा गाळा घेतलात का?’

तो वाणी अजूनही तिला बघितलं की आधी शेजारच्या गाळ्याकडे बोट दाखवतो.