मालकाचा हेतू ताळेबंदात शोधताना : ब्लॅकबर्न रोव्हर्स

पुण्याच्या वेंकीजने नोव्हेंबर 2010 मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स हा इंग्लिश फुटबॉल क्लब सुमारे 2 कोटी 30 लाख पौंडांना घेतला. तेव्हा तो प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल साखळीत होता. 2012 मध्ये खालच्या साखळीत, चॅम्पियनशिपमध्ये, घसरला. कुक्कुटपालनातल्या समूहाने क्लब कशासाठी घेतला आणि एवढी वर्षं का धरून ठेवला, हे मुलाखतींतून कळत नाही. म्हणून मी कागदपत्रांकडे वळलो.

सुरुवात लंडनच्या बाजूने केलेली बरी. ब्रिटनच्या कंपनीज हाउसच्या संकेतस्थळावर हिशेब फुकट मिळतात. क्लबची कंपनी वेगळी आणि तिच्या वरची वेंकीज लंडन लिमिटेड वेगळी. दोन्हींचे अहवाल उतरवून घ्यावेत, कारण क्लबच्या कंपनीत जे कर्ज दिसतं, ते वरच्या कंपनीत भागभांडवल होऊन आलेलं असू शकतं. पुण्याच्या बाजूला मात्र बरेच जण चुकीचं दार ठोठावतात. शेअर बाजारात नोंदलेल्या वेंकीज इंडियाच्या ताळेबंदात क्लबचा तोटा शोधून उपयोग नाही. क्लबची मालकी व्यंकटेश्वरा हॅचरीज या खासगी कंपनीकडून येते.

मी नफा-तोट्याचं पत्रक शेवटी वाचतो. आधी हिशेबाला जोडलेल्या टिपा : कंपनी पुढचं वर्ष तगेल का, मालकाने लेखी पाठबळ दिलं आहे का, संबंधित पक्षांशी काय व्यवहार झाले, आणि ताळेबंदाच्या तारखेनंतर काय घडलं. क्लबचं वर्ष 30 जूनला संपतं आणि हिशेब त्यानंतर नऊ महिन्यांत द्यावे लागतात. त्यामुळे उन्हाळ्यातली खेळाडूंची खरेदी-विक्री बहुधा या शेवटच्या टिपेतच सापडते.

मग एसएच01 हे फॉर्म. नवे शेअर दिले की कंपनी तो भरते, म्हणून मालकाने पैसा कधी ओतला हे वार्षिक अहवालाआधीच कळतं. पण भागभांडवल आलं म्हणजे मालक दिलदार, असा अर्थ लगेच काढू नये. चॅम्पियनशिपमध्ये क्लबला तीन हंगामांत 3 कोटी 90 लाख पौंडांपर्यंत तोटा चालतो. त्यातला दर हंगामी 50 लाखांच्या वरचा भाग मालकाने भागभांडवलातून भरायचा असतो. नियमच तसा आहे. तरीही दुसऱ्या मालकांशी तुलना केली की मला फरक मोठा वाटतो. ग्लेझर कुटुंबाने 2005 मध्ये मँचेस्टर युनायटेड घेताना खरेदीच्या कर्जाचा मोठा वाटा क्लबवरच टाकला. तिथे क्लब व्याज भरतो. इथे पैसा मालकाकडून क्लबकडे वाहतो आणि क्लब विकल्याशिवाय किंवा प्रीमियर लीगच्या दूरचित्रवाणी उत्पन्नापर्यंत पोचल्याशिवाय परत येण्याची वाट फार अरुंद. म्हणून मी या गुंतवणुकीकडे आधी नाव मिळवण्याची आणि नंतर बढतीच्या आशेवर टिकून राहण्याची म्हणून पाहतो.

खेळाडूंचा हिशेब नीट समजून घ्यावा. 1 कोटी पौंडांचा खेळाडू चार वर्षांच्या करारावर आला, तर ती किंमत चार वर्षांत विभागून दरवर्षी 25 लाख खर्ची पडतात. क्लबच्या अकादमीत, म्हणजे तरुण खेळाडू घडवणाऱ्या शाखेत, तयार झालेल्या पोराची हिशेबातली किंमत जवळपास शून्य, म्हणजे विक्रीची जवळजवळ सगळी रक्कम नफा. फेब्रुवारी 2024 मध्ये याच अकादमीतला अ‍ॅडम व्हॉर्टन 1 कोटी 80 लाख पौंड अधिक बोनस अशा बोलीवर क्रिस्टल पॅलेसला गेला. त्याच काळात भारतातून पैसा पाठवण्यावर बंधन आलं होतं : ईडीच्या चौकशीमुळे दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी आणि तेवढ्याच रकमेची बँक हमी लागत होती. मालकाची नळी आवळली की अकादमी हीच तिजोरी होते. अशा वर्षी विक्रीचा नफा वजा करून उरलेला तोटा पाहावा. पगार आणि उत्पन्न यांचं प्रमाण त्याच्याशेजारी मांडावं.

भारतातून नेमकं काय गेलं, ते रिझर्व्ह बँकेच्या परदेशी गुंतवणुकीच्या मासिक तक्त्यात भारतीय कंपनीच्या नावाने शोधता येतं. रक्कम तिथे दशलक्ष डॉलरमध्ये असते आणि भांडवल, कर्ज, हमी असे रकाने वेगळे. हमीचा आकडा पाठवलेल्या पैशात मिळवू नये.