साडेपाचशे ग्रॅमचं छप्पर: घरच्या मशीनवर शिवायचा टार्प

अजिंठ्याच्या डोंगरात किंवा बालाघाटच्या माळावर दोन दिवस चालायचं, तर दोन-अडीच किलोचा तंबू पाठीवर वागवायची गरज नाही. ऐन पावसाळा सोडला तर मराठवाड्यात मुक्कामाला छळतात ते ऊन, दव आणि वारा. त्यासाठी दोघांपुरता टार्प, म्हणजे दोऱ्यांनी ताणून छपरासारखं बांधायचं कापड, पुरतो, आणि तो घरच्या साध्या पाय-मशीनवर शिवून होतो.

कापड घ्या ३० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप), दोन्ही बाजूंनी सिलिकॉन लावलेलं रिपस्टॉप, म्हणजे फाट पसरू नये म्हणून जाड धाग्यांची चौकट विणलेलं. चौरस मीटरला साधारण ५० ग्रॅम. नायलॉनपेक्षा पॉलिस्टर घ्या, असं माझं ठाम मत आहे. नायलॉन दवाने भिजलं की सैल पडतं आणि मध्यरात्री उठून दोऱ्या ताणाव्या लागतात. आपल्याकडच्या उन्हातही पॉलिस्टर जास्त टिकतं. छत्रीचं कापड स्वस्त पडतं, पण ते बहुधा पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगचं असतं आणि वजनालाही जड. शिवाय शिवणीची भोकं बुजवायचं सिलिकॉन पीयूवर धरत नाही, त्याला पीयूचाच सीलर लागतो.

कापडाचा पन्हा बहुतेक दीड मीटर असतो. ३ मीटरचे दोन तुकडे लांबीच्या कडेने जोडायचे. ठिगळांसाठी आणि पिशवीसाठी एक मीटर जास्तीचं धरून एकूण ७ मीटर. कडेची घट्ट किनार आधी कापून टाका, नाहीतर शिवणीला चुण्या पडतात. कापताना रिपस्टॉपच्या चौकटीची रेघ धरा. कापलेल्या कडेवरून पेटती उदबत्ती झरझर फिरवली की धागे सुटत नाहीत. हात रेंगाळला की भोक पडतं, म्हणून आधी कातरणावर सराव करा.

सुई ११ नंबरची, नवी. दोरा शंभर टक्के पॉलिस्टर. सुती दोरा पाणी ओढतो आणि कुजतो. टाका ३ मिलिमीटरचा ठेवा. बारीक टाक्याने शिवण मजबूत होते असं वाटतं, पण या कापडात उलटं होतं: पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग तयार होते आणि वाऱ्याच्या झटक्यात कापड तिथेच फाटतं. टाचण्यांनीही कायमची भोकं पडतात, त्यामुळे कपडे वाळत घालायचे चिमटे वापरा. कापड निसरडं असतं. प्रेशर फूटच्या (कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या पायाच्या) पुढून आणि मागून, दोन्ही हातांनी हलका ताण देत सरकवा; ओढू मात्र नका, सुई वाकते.

मधली शिवण जीन्सच्या पायाला असते तशी चपटी हवी. दोन तुकडे सुलट बाजू आत घेऊन ठेवा. वरच्या तुकड्याची कड १ सेंटिमीटर मागे घ्या आणि त्या कडेपासून १ सेंटिमीटरवर टीप मारा. खालच्याची उरलेली पट्टी वरच्या कडेवर दुमडा, कापड उघडा, पट्टी एका बाजूला निजवून तिच्या कडेवर दुसरी टीप मारा. चारही कडांना १ सेंटिमीटरची दुहेरी दुमड द्या. मधल्या शिवणीच्या दोन्ही टोकांना, चार कोपऱ्यांना आणि मधल्या शिवणीला समांतर असलेल्या दोन बाजूंवर प्रत्येकी दोन, असे दोऱ्या बांधायचे १० फास १५ मिलिमीटरच्या नायलॉन पट्टीचे. प्रत्येक फासाला १५ सेंटिमीटर पट्टी लागते. फासाखाली कापडाचं ठिगळ लावल्याशिवाय टीप मारू नका. टार्प फाटायला सुरुवात होते ती इथूनच.

पाणी गळतं ते शिवणीच्या भोकांतून. शंभर टक्के सिलिकॉनचा पारदर्शक सीलंट घ्या, ॲक्रिलिकचा नको. एक भाग सीलंटला तीन भाग मिनरल टर्पेंटाईन घालून तेलासारखं पातळ होईपर्यंत ढवळा. टार्प ताणून बांधा आणि शिवणीवर ब्रशने पातळ हात फिरवा. जाड थर सोलून निघतो. काम उघड्यावर करा, जवळ आग नको, आणि २४ तास वाळू द्या. नंतर टाल्कम पावडर लावली तर कापड एकमेकांना चिकटत नाही.

खाली अंथरायला मल्चिंग पेपर, म्हणजे शेतात वाफ्यांवर पसरतात ते पातळ प्लास्टिक, उत्तम. ३० मायक्रॉनचा, ४ फूट पन्ह्याचा २ मीटर तुकडा साधारण ६५ ग्रॅम भरतो. कुणाच्या शेतात रोलचं शेपूट उरलेलं असेल तर मागून घ्या. बाभळीच्या काट्याला मात्र तो तग धरत नाही, जागा हाताने चाचपून झाडून घ्या.

उभारताना लांबी कमी-जास्त होणाऱ्या, १०५ सेंटिमीटरवर लावलेल्या दोन काठ्या आणि २ मिलिमीटरची नायलॉन दोरी. भिंती ४५ अंशांत उतरल्या की आत दोन मीटर रुंदी मिळते. ओल्या काळ्या मातीत आखूड खुंटी लोण्यातून सुरी निघावी तशी निघते, आणि डोंगरमाथ्यावरच्या कातळात ती शिरतच नाही. दोन्हीकडे उपाय एकच: दोरीचा फास आडव्या काडीला घाला आणि काडीवर डोक्याएवढा दगड ठेवा. वळवाचं वादळ दिसलं तर वाऱ्याच्या बाजूची कड जमिनीला टेकवा आणि काठ्या ८० सेंटिमीटरवर आणा.

पहिल्या ट्रेकआधी गच्चीवर टार्प ताणून मधल्या शिवणीवर दोन बादल्या पाणी हळूहळू ओता आणि खालून टॉर्च मारून बघा. जिथे थेंब चमकेल तिथे खडूने खूण करा, वाळू द्या आणि पुन्हा ब्रश फिरवा.