कॉलरीत जायला भीती नाही वाटायची?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. तसं तुम्हीच नाही, लग्न होऊन मालगुंडला आल्यापासून जो तो हेच विचारतो. माझं माहेर चंद्रपूरकडचं, कॉलरीच्या, म्हणजे कोळसा खाणीच्या, क्वार्टरमधलं, आणि बाबा अंडरग्राउंड खाणीत सिरदार होते एवढं कळलं की झालं, जमिनीखाली जायला भीती नाही वाटायची? शेजारच्या काकू, ज्यांचा मुलगा 1 ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली की बोट घेऊन निघतो, त्यासुद्धा विचारतात, आता काय बोलणार!

वाटायची ना. पण त्या भीतीवर निदान काहीतरी उपाय होता. सिरदाराचं काम म्हणजे माणसं कामाला लावायच्या आधी स्वतः जाऊन जागा तपासायची. बाबा काठीने छत ठोकायचे, खणखणीत वाजलं तर ठीक, भद्द वाजलं की दगड सुटलाय, त्याच्या खाली कुणी उभं राहायचं नाही. ही सवय इतकी मुरलेली की माझ्या सासरी पहिल्यांदा आले तेव्हा चिऱ्याच्या भिंतीवर पण टकटक करून बघितली, सासरे बघतच राहिले.

मी कधी आत गेले नाही. 1952 च्या खाण कायद्यात बायकांना जमिनीखाली कामाची बंदीच होती, 2019 मध्ये अटी घालून परवानगी मिळाली. म्हणजे आमच्या आयांच्या वाट्याला वरचंच सगळं, आणि माझं ऐकाल तर खरा त्रास वरच होता.

सिगडीचंच घ्या. कच्चा कोळसा लगेच पेटत नाही, खाली गोवऱ्या, वर कोळसा, आणि संध्याकाळी सगळ्या लाईनीतल्या सिगड्या दाराबाहेर ठेवलेल्या, पिवळट दाट धूर, समोरचं क्वार्टर दिसायचं नाही. धूर निघून निखारा लाल झाला की मगच घरात घ्यायची, घाई केली तर डोकं गच्च धरायचं, गॅस चढतो. दुपारी ओपनकास्टला, म्हणजे वरून खणायच्या उघड्या खाणीत, ब्लास्टिंग झालं की मांडणीवरची भांडी वाजायची, भिंतीची भेग थोडी पुढे सरकायची, आई तिच्यावर कॅलेंडर लावायची. पापड वाळत घातले की वर काळी पूड. आणि बाबांचा खोकला, त्याबद्दल आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलायचंच नाही.

मेलेल्या खाणी पण गप्प बसत नाहीत हो. 2022 च्या ऑगस्टमध्ये आमच्या चंद्रपूरकडच्या घुग्घूसच्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं, खाली जुनी अंडरग्राउंड खाण. माणसं आधी बाहेर पडली म्हणून वाचली.

इथे कोळसा म्हटलं की जयगडचं वीज केंद्र, तिकडे तो बाहेरदेशातून जहाजाने येतो, त्यामुळे कोळसा खणणारी माणसं कुणाच्या डोळ्यासमोर येत नाहीत, त्यात तुमची काही चूक नाही.

आजोबा खाजगी मालकाच्या खाणीत टब, म्हणजे कोळशाच्या छोट्या गाड्या, भरायचे, जेवढे टब तेवढे पैसे, आजारी पडलं की काही नाही. 1973 ला राष्ट्रीयीकरण झालं आणि बाबांच्या पिढीला पक्की नोकरी, पीएफ, क्वार्टर, दवाखाना असं सगळं मिळालं. आता माझा भाऊ ओपनकास्टला डम्पर चालवतो, माती उचलायच्या ठेक्यावर, म्हणजे परत ठेकेदारच. कोळसा तोच, खड्डा त्याहून मोठा, पण क्वार्टर नाही, पक्केपणा नाही, बारा तास गाडी चालवायची आणि ठेका बदलला की पुन्हा नव्याने कामाला लागायचं. त्याच्या डोक्यावर छत नाही, वरून ऊनच, मे महिन्यात पारा 46-47 च्या पुढे. दगड पडायची भीती वाटते का म्हणून मी त्याला एकदा विचारलं तर म्हणाला, आधी दोन महिन्यांचा पगार पडू दे.

दिवाळीला येतोय तो मालगुंडला. काय विचारायचं ते त्यालाच विचारा, फक्त छताचं नका विचारू.