पद्मिनी आणि ई-२० पेट्रोल: इंधनमार्गाच्या कामाची नोंद

गाडी प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. इंजिन १०८९ सीसी, बोर ६८ आणि स्ट्रोक ७५ मिलिमीटर, एकच सोलेक्स कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग), इंजिनाला बसवलेला डायफ्रॅमचा (रबरी पडद्याचा) पंप. या नोंदीत फक्त इंधनमार्ग घेतला आहे, टाकीच्या झाकणापासून कार्ब्युरेटरच्या जेटपर्यंत, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यापर्यंत. टाकी, नळ्या, पंप आणि कार्ब्युरेटरचं रबर उरकलं. जेटिंग, म्हणजे योग्य मापाचे जेट बसवणं, निम्म्यावर आहे.

२०१८ च्या जैवइंधन धोरणात २० टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट २०३० चं होतं. जून २०२२ मध्ये ते २०२५-२६ वर आणलं गेलं, आणि आता पंपावरचं साधं पेट्रोल म्हणजे ई-२०च (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं). कुरकुर करून ते बदलणार नाही. हवामानाच्या बाजूने बघितलं तर हौशी गाडीचा धूर फार निघत नाही. वर्षाला १५०० किलोमीटर, लिटरला १२, म्हणजे १२५ लिटर. ई-२० च्या लिटरमागे सायलेन्सरमधून साधारण २.१५ किलो कार्बन डायऑक्साइड, एकूण २७० किलोच्या आसपास. रोजची गाडी १२,००० किलोमीटर धावत असेल आणि लिटरला १८ देत असेल, तर तिचा आकडा १४०० किलोच्या वर जातो. पण पद्मिनीचा हा हिशेब ती ट्यूनमध्ये असेल तोवरच खरा. कानाने लावलेल्या कार्ब्युरेटरमधून आयडलला (गाडी उभी, इंजिन संथ चालू) पाच टक्क्यांवर कार्बन मोनॉक्साइड सहज निघतो, आणि तडकलेल्या नळीतून, सैल झाकणातून न जळताच उडून जाणारं पेट्रोल वेगळंच. जुनी गाडी चालवायची आणि हवेचीही चाड ठेवायची, तर हात घालायची जागा ही आहे.

टाकीत नेमकं काय आहे

१०० मिलिलिटरचा काचेचा मेजरिंग सिलिंडर घ्या. त्यात १० मिलि पाणी, वर १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल. बूच लावून हलवा, मधूनमधून वाफ सोडा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर फुगतो. ९० मिलि ई-२० मध्ये १८ मिलि इथेनॉल असतं, म्हणजे रेष २७-२८ वर यायला हवी. १९ वर थांबली तर पेट्रोल ई-१० आहे. पाणी न घालताच तळाशी वेगळा थर दिसत असेल, तर टाकीत पाणी शिरलं आहे आणि इथेनॉल त्याच्यासोबत खाली बसलं आहे. ते पेट्रोल वापरू नका. पुढचं सगळं काम त्याच्यामुळे फुकट जाईल.

टाकी

इथेनॉल टाकीत वर्षानुवर्षं साचलेला पेट्रोलचा डिंक सोडवतं. त्यामुळे ई-२० वर गेल्यावर पहिल्या दोन-तीन टाक्यांत फिल्टर चोक होतो आणि दोष कार्ब्युरेटरच्या माथी जातो. पारदर्शक फिल्टर लावून तो तीनदा बदलायची तयारी ठेवणं हा स्वस्त मार्ग. टॉर्च मारल्यावर आत तांबूस खवले दिसले तर मात्र टाकी उतरवावी लागते.

गंज काढायला लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात घालून टाकी काठोकाठ भरा आणि रात्रभर ठेवा. मग लिटरला २० ग्रॅम खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच गरम हवेने सुकवा. सुकवताना आळस केला तर तासाभरात पुन्हा तांबूस थर धरतो. आतलं शिसं-कथलाचं अस्तर शाबूत असेल तर ॲसिड घालूच नका, गाळ तेवढा धुऊन काढा.

अगदी बारीक भोकं असतील तर झाळकाम रेडिएटरवाल्याकडे, तेही टाकी उकळत्या पाण्याने धुऊन घेतल्यावर. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा धोक्याची असते. आतून लावायचं कोटिंग घेताना डबा नीट वाचा: पॉलिएस्टरचं कोटिंग इथेनॉलमध्ये सुटून पापुद्र्यांनी नळी बंद करतं, नोव्होलॅक इपॉक्सी टिकतं.

शेलॅकची सवयही इथे सोडावी लागते. आपल्याकडे टाकीच्या गेजखाली, पंपाच्या जोडावर, पॅकिंगला शेलॅक लावायची जुनी पद्धत आहे. पेट्रोलला ते दाद देत नव्हतं, पण अल्कोहोल हाच त्याचा द्रावक. पॉलिशवाला चपडी स्पिरिटमध्ये विरघळवतो ती याचसाठी. ई-२० मध्ये ते हळूहळू सुटतं, जोड पाझरतो, आणि सुटलेलं शेलॅक जेटमध्ये जाऊन बसतं. सगळं खरवडून काढा आणि पॅकिंग कोरडंच बसवा. गेजखालचं कॉर्क आकसलं असेल तर त्या मापाचं पॅकिंग व्हायटॉनच्या (फ्लोरोकार्बन रबराच्या) शीटमधून कापता येतं.

नळ्या आणि पंप

होजवर छापलेलं वाचा. एसएई जे-३० आर-९ लिहिलेलं असेल तर आतला थर फ्लोरोकार्बन रबराचा असतो, हाच घ्या. आर-६ आणि आर-७ साध्या पेट्रोलला चालत होते, पण ई-२० मध्ये आतून मऊ पडून सुजतात. कापडाची जाळी असलेली जुनी नळी बाहेरून ठणठणीत दिसते आणि आतून काळा चोथा सोडते. नळी वाकवून बघा, वास घ्या, आतून पांढरा कापूस फिरवा. कापूस काळा झाला की नळी गेली. धातूच्या पाइपाचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजून त्याच मापाची नळी घ्या. मोठी नळी क्लिपने आवळून बसवली की क्लिपच्या कडेलाच चीर जाते. क्लिप स्क्रूची नको, गोल दाबाची घ्या.

सुट्या भागांचं एक सांगायला हवं. काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या जोरावर मुंबईत पद्मिनीचे भाग वर्षानुवर्षं मिळत राहिले. २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी बाद झाली, आणि आता दुकानांतून निघतोय तो बराचसा पडून राहिलेला माल. लोखंडी भाग असेल तर डोळे मिटून घ्या. रबर असेल तर जुन्या सीलबंद पाकिटातला माल सगळ्यात वाईट: ते रबर इथेनॉलच्या आधीचं, शिवाय कपाटात कडक झालेलं. पंपाचा डायफ्रॅम नव्या रबराचाच हवा. फाटलेल्या डायफ्रॅमची खूण पंपाच्या खालच्या भोकात पेट्रोलचा ओलावा किंवा डिपस्टिकवर वाढलेलं, पेट्रोलचा वास येणारं ऑइल. असं ऑइल दिसलं तर इंजिन चालवू नका. डायफ्रॅम बदलून ऑइल आणि फिल्टर लगेच बदला, नाहीतर बेअरिंगचं काम निघेल.

कार्ब्युरेटर

भंगारातल्या टॅक्सीचा कार्ब्युरेटर स्वस्त पडतो. पण त्या टॅक्सी वर्षानुवर्षं सीएनजीवर चालल्या, त्यामुळे आत डिंक वाळलेला असतो आणि थ्रॉटलचा दांडा मात्र पूर्ण झिजलेला. झिजलेल्या दांड्यातून हवा शिरते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आणि मग कितीही जेट बदला, आयडल स्थिर होत नाही. दांडा बोटाने हलवून बघा. खेळ जाणवला तर पितळी बुश टाकून घ्या. हे जेटिंगच्या आधी.

जस्त मिश्रधातूच्या बॉडीवर पांढरी भुकटी दिसली की पाणी पोचलं होतं. ती ब्रशने काढा, वाटा हवेने मोकळ्या करा, तार घालू नका. ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम, नीडल व्हॉल्व्हचं रबरी टोक आणि पॅकिंगं नवी. फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) कानाजवळ हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर बाद. ई-२० किंचित जड असल्याने फ्लोट जरा वर तरंगतो आणि पेट्रोलची पातळी एखाद्या केसाने खाली राहते. फरक लहान, पण मिश्रण पातळ करण्याच्याच दिशेने.

जेटिंग

गणित असं: साध्या पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट, म्हणून ई-२० ला साधारण १३.५. ज्या जेटवर गाडी साध्या पेट्रोलला बरोबर होती, त्याच जेटवर ई-२० सुमारे ८ टक्के पातळ चालेल. जेटचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणून ८ टक्क्यांसाठी व्यास फक्त ४ टक्के वाढवायचा. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. १२५ असेल तर १३० पुरतो. गॅरेजात मात्र "मोठा जेट टाक" म्हटलं की १४० येतो.

पण आधी मोजा. बऱ्याच पद्मिनी मुळातच जाड मिश्रणावर लावलेल्या आहेत, आणि ई-२० वर त्या आपोआप जागेवर येतात. शिवाय एखाद्याने कधीतरी पिनने जेट कोरला असेल तर वरचा आकडा खोटा असतो. बारीक ड्रिलच्या दांड्याने भोक तपासा.

क्रम चुकवू नका: व्हॉल्व्ह क्लिअरन्स, मग इग्निशनच्या पॉइंटचा गॅप, मग ठिणगीचं टायमिंग, शेवटी कार्ब्युरेटर. पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंग सरकतंच, म्हणून उलट क्रमाने केलेलं काम दोनदा करावं लागतं. इथेनॉलने ऑक्टेन वाढतो, त्यामुळे नोकिंगच्या (इंजिनात अवेळी ठोके बसण्याच्या) भीतीने मागे ठेवलेलं टायमिंग मॅन्युअलच्या आकड्यावर आणता येतं. त्यापुढे नेण्याची घाई नको.

आयडल पीयूसीच्या यंत्रावर लावा. २००० पूर्वीच्या चारचाकीला मर्यादा ३ टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि १५०० पीपीएम हायड्रोकार्बन अशी सैल आहे. इंजिन पूर्ण गरम असताना दीड ते दोन टक्क्यांवर ठेवलं तर पद्मिनी सुरेख चालते. त्याखाली गेलं की हायड्रोकार्बन उलट चढतो, कारण पातळ मिश्रण मिस होतं आणि न जळलेलं पेट्रोल बाहेर पडतं.

हे झालं आयडलचं पेट्रोल सोडणाऱ्या पायलट जेटचं. गाडी धावताना पेट्रोल सोडणारा मेन जेट आयडलला दिसत नाही. त्यासाठी वाइडबँड सेन्सर (धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण मोजणारा) उत्तम: एक्झॉस्ट पाइपात वरच्या बाजूला तिरका बसवा, म्हणजे पाणी साचत नाही. मीटरवर हवा-पेट्रोलचा आकडा न वाचता लॅम्डा वाचा (१ म्हणजे नेमकं मिश्रण, त्याखाली जाड, वर पातळ), कारण १४.७ ची पट्टी साध्या पेट्रोलची आहे. सपाट रस्त्यावर ०.९५ ते १, चढाला पूर्ण थ्रॉटलवर ०.८८ ते ०.९२. काम झालं की सेन्सर काढून तिथे प्लग लावा. वीज न जोडता सेन्सर पाइपात ठेवला तर काजळीने मरतो.

सेन्सर नसेल तर चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल, मग क्लच दाबून इग्निशन एकदम बंद, गाडी कडेला, प्लग काढून बघा. रस्ता मोकळा हवा, आणि किल्ली स्टिअरिंग लॉकपर्यंत फिरवायची नाही. ई-२० स्वच्छ जळतं, त्यामुळे प्लग पूर्वीसारखा तपकिरी होत नाही. फिकट प्लग म्हणजे पातळ मिश्रण, असा निष्कर्ष एकदम काढू नका. पांढऱ्या सिरॅमिकवर बारीक चकचकीत ठिपके दिसले तर मात्र थांबा. चढाला पिकअप घेताना दचका, कार्ब्युरेटरमधून उलटी शिंक, पाण्याचा काटा वर, ही तिन्ही एकत्र आली तर मेन जेट एक पायरी वाढवा.

"इथेनॉल ट्रीटमेंट"च्या बाटल्यांविषयी: गंजरोधक म्हणून त्यांचा थोडा उपयोग होतो. सुजलेली नळी त्या बऱ्या करत नाहीत आणि पातळ मिश्रण जाडही करत नाहीत. तोच पैसा होजवर घाला.

कागदपत्रं

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि व्हीए मालिकेचा क्रमांक मिळतो. सुरुवातीच्या पद्मिनी या रेषेवर आल्या आहेत. अट अशी की चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको, आणि रोजच्या वापराला परवानगी नाही. होज, डायफ्रॅम, जेट बदलल्याने गाडी मूळ रूपातच राहते. विजेची मोटर बसवायचा विचार असेल तर हा दरवाजा बंद होतो, ते आधी ठरवा.

राहिलेलं

मेन जेटची दुसरी पायरी कसारा घाटात तपासायची आहे. गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी सुरू होत नसेल तर पेट्रोलची वाफ अडते आहे. त्यासाठी कार्ब्युरेटरखाली जाड बॅकेलाइटचं पॅकिंग आणि एक्झॉस्टजवळून जाणाऱ्या नळीला उष्णतारोधक आवरण.

पावसाळ्यात गाडी पंधरा दिवसांतून अर्धा तास धावणार असेल तर टाकी जवळजवळ भरलेली ठेवा, म्हणजे दमट हवेला आत जागा उरत नाही. चार महिने उभीच राहणार असेल तर मे अखेरीस टाकी आणि फ्लोटची वाटी रिकामी करा आणि ते पेट्रोल रोजच्या गाडीत ओता. सप्टेंबरात सुरू करताना पंपाला आधी हाताने प्राइम करा आणि स्टार्टर मारण्यापूर्वी प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू लावून बघा.