फुलीचं नाव

गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात माझं फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. वीजबिलं, पंचायतीचे दाखले, कॉलेजचे प्रवेश, जमिनीचे एक-चौदाचे उतारे, आधार-पॅनची जोडणी, लोक जे आणतील ते. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि दोन खुर्च्या. या मेमध्ये 12 वर्षं झाली. हाताखालून किती कागद गेले त्याचा हिशेब नाही, पण गेल्या श्रावणातला एक सोमवार अजून जसाच्या तसा डोळ्यांसमोर आहे.

सकाळपासून पाऊस धरून होता. साखळीकडून येणाऱ्या बसमधून एक काकी उतरल्या आणि छत्री दाराबाहेर उलटी ठेवून आत आल्या. साठी ओलांडलेल्या असतील. तांदळाच्या पिशवीतून कागदांची एक जुडी काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या,

"बाय, माझ्या घोवाचं नाव हरवलंय. तू शोधून देशील?"

यजमान आदल्या वर्षी वारले होते. घर आणि घरामागचं छोटं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, काकींच्या आणि मुलांच्या नावावर व्हायचं होतं. पण यजमानांचा जन्म पोर्तुगीज काळातला, म्हणजे जन्मनोंद त्या वेळच्या स्पेलिंगमध्ये. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, आधार हे सगळं नव्या स्पेलिंगमध्ये. एका कार्यालयातल्या खिडकीवर त्यांना सांगण्यात आलं होतं, की कागदांवरून ही दोन माणसं दिसतात, दोन्ही एकच असल्याचा पुरावा आणा. चाळीसेक वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला तो माणूस एकच होता हे सिद्ध करायला काकी तीन वेळा त्या खिडकीवर जाऊन आल्या होत्या.

"ते म्हणायचे, माझं नाव गॅझेटात छापून आलंय. पानही होतं घरात. पासपोर्टाबरोबर ट्रंकेत ठेवलेलं. दोन्ही वाळवीने खाल्लं."

पुतण्याने आधी मोबाइलवर शोध घेतला होता. त्याने मराठीत टाइप केलं, 'नाव बदल गॅझेट'. सगळ्यात वर जे पान आलं ते उघडून त्याने फॉर्म भरला आणि 1,499 रुपये भरले. पावतीचा स्क्रीनशॉट मी पाहिला. ते सरकारी पानच नव्हतं. शीर्षकावर बारीक अक्षरांत 'प्रायोजित' लिहिलेलं, पत्त्याच्या शेवटी सरकारी संकेतस्थळांना असतं ते 'जीओव्ही डॉट इन' नाही, आणि अर्ज चक्क महाराष्ट्राच्या राजपत्रासाठीचा. तोही नव्याने नाव बदलण्याचा, मेलेल्या माणसाच्या नावाने.

हे आमच्याकडे वरचेवर होतं आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. गोव्यातला माणूस मराठीत प्रश्न विचारतो आणि उत्तर सीमेपलीकडचं येतं. जमिनीचं विचारा, सातबारा येतो. आपल्याकडे सातबारा नाही, एक-चौदा आहे. हल्ली पानाच्या माथ्यावर एआयचं तयार उत्तर येतं, तेही मोठ्या विश्वासाने महाराष्ट्राची पद्धत सांगून मोकळं होतं. मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगते, प्रश्नात 'गोवा' घाला, आणि जमलं तर तालुक्याचं नावही घाला.

पैशांचं आधी उरकलं. सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर फोन लावून दिला आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. पण पैसे जाऊन 3 आठवडे झाले होते. हा फोन पहिल्या तासाभरात गेला, तर पैसे पुढच्या खात्यात थांबवता येण्याची आशा असते. काकींना मी तसं स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, "पैसे गेले ते गेले. नाव मिळूदे."

मग मी शोधायला बसले.

पहिल्यांदा यजमानांचं पूर्ण नाव आजच्या स्पेलिंगने, अवतरणचिन्हांत टाकून. अवतरणचिन्हं दिली की शब्द त्याच क्रमाने, तसेच्या तसे शोधले जातात. आडनाव गावकर (नावं मी इथे बदलून लिहिते आहे), त्यामुळे गावकरांचा नुसता पूर आला. जमिनीच्या जाहिराती, नाटकाच्या बातम्या, कुणाचे वाढदिवस. मग शोध फक्त एकाच ठिकाणी बांधला. 'साइट' हा शब्द, त्याला चिकटून कोलन, आणि पुढे पणजीच्या सरकारी छापखान्याच्या संकेतस्थळाचा पत्ता. राजपत्र तिथेच छापतात आणि जुने अंक पीडीएफ करून तिथेच ठेवलेले आहेत. एकही निकाल नाही.

आता जुनं स्पेलिंग. हे गोव्याबाहेरच्या माणसाला नवल वाटेल. पोर्तुगिजांनी आपली नावं त्यांच्या कानाने लिहिली. त्यांच्या लेखनात 'के' जवळजवळ नाही, म्हणून 'क'साठी 'सी' किंवा 'क्यू'. 'श'साठी 'एक्स'. शेवटचा स्वर नाकात गेल्यासारखा वाटला की पुढे 'एम'. त्यामुळे प्रभू 'पोरोबो' झाले, पै 'पोय' झाले, शेट 'एक्स'ने सुरू झाले आणि नाईकांच्या शेपटीला 'क्यू-यू-ई' लागलं. आमच्या डिचोलीचंच घ्या, रोमन लिपीत ती आजही 'बी'ने सुरू होते. नवा नोकरीला लागलेला बाहेरचा मुलगा 'डी'खाली शोधतो आणि तालुकाच यादीत नाही म्हणतो.

माझ्याकडे अशा स्पेलिंगांची एक वही आहे, पहिल्या वर्षापासूनची. ती काढली. गावकर म्हणजे 'जी-ए-यू-एन-सी-ए-आर'. तेही टाकून पाहिलं. पुन्हा शून्य.

मी नमुन्यासाठी एक जुना अंक उतरवून घेतला आणि माउसने एक ओळ निवडून पाहिली. ओळ निळी होईना. म्हणजे ते पान मजकूर नव्हतं, मजकुराचा फोटो होता. माणसाला तिथे अक्षरं दिसतात, पण मशीनला नुसतं काळं-पांढरं. अशा पानात शोधाचं बटण हजार वेळा दाबा, काही सापडत नाही, आणि 'सापडलं नाही' हे वाचून माणूस 'नाहीच आहे' असं समजतो. किती लोक या पायरीवरून घरी परत गेले असतील, असं मला तेव्हा वाटलं.

मी चहा मागवला. काकींनी पिशवीतून शेवेची पुडी काढली. तेवढ्यात वीज गेली, इन्व्हर्टर घूंऽऽ करून सुरू झाला, आणि त्या पाच-दहा मिनिटांत मी विचार फिरवला. नाव मशीनला दिसत नाही, तर त्या कागदावर आणखी काय नक्की छापलेलं असणार? नाव प्रत्येकाचं वेगळं. पण कारकुनाची वाक्यं ठरलेली असतात. गोव्यात नावबदलाचा कायदा 1990 चा. प्रत्येक जाहिरातीत त्या कायद्याचं नाव यायचं, आणि कुणाची हरकत असल्यास 30 दिवसांत कळवावी, हे यायचंच. म्हणून यजमानांचं नाव सोडून कायद्याचं नाव अवतरणचिन्हांत टाकलं. नव्या अंकांमधले ढीगभर निकाल आले. ते मला नको होते, पण त्यांनी रस्ता दाखवला. अशा जाहिराती राजपत्राच्या तिसऱ्या मालिकेत यायच्या, तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारच्या नावाखाली यायच्या, आणि पान दोन स्तंभांत छापलेलं असायचं. आता जुन्या अंकांत नजर कुठे टाकायची ते कळलं.

राहिलं वर्ष. राजपत्र दर गुरुवारी निघतं, एका वर्षाचे बावन्न अंक, आणि वर्ष एप्रिलपासून धरलेलं.

"काकी, साल आठवतं?"

"साल कुठलं आठवणार गो? तेव्हा ते पेडण्याच्या रेल्वे बोगद्यावर कामाला होते. माती खचायची, पाणी भरायचं. ते घरी आले की चिखलाने ओळखू यायचे नाहीत. बोगद्याचं काम संपत आलं तसं मस्कतला जायचं ठरलं. पासपोर्टासाठीच नाव सरळ करून घेतलं."

"आणि रेल्वे सुरू झाली तेव्हा?"

"तेव्हा होते. पण त्यानंतरच्या चवथीला नव्हते. गणपतीवरची फळांची माटोळी मीच बांधली, पहिल्यांदा."

कोकण रेल्वे सगळ्या मार्गावर धावायला लागली 26 जानेवारी 1998 ला. म्हणजे चवथ 1998 ची. नाव त्याआधी बदललेलं.

"महिना?"

काकी बोटांवर मोजत बसल्या. "मार्गशीर्ष. माझे गुरुवार चालू होते. गॅझेट घेऊन आले तेव्हा घट मांडलेला होता, आणि मी म्हटलं, आधी देवीपुढे ठेवा."

या एका वाक्याने शंभरावर अंकांचा ढीग सव्वीसवर आला. मार्गशीर्ष 1996 चा किंवा 1997 चा. दोन्ही वर्षांचे नोव्हेंबर ते जानेवारीचे गुरुवार घ्यायचे. राजपत्राच्या माथ्यावर इंग्रजी तारखेशेजारी शकाची तारीखही असते, तिथे मार्गशीर्षाला 'अग्रहायण' म्हणतात. तो सरकारी अग्रहायण 22 नोव्हेंबरला सुरू होतो, तो काही काकींच्या पंचांगाशी जुळत नाही, म्हणून मागेपुढे जागा सोडली.

मी दुसरी खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि काकींना शेजारी बसवलं. खरं म्हणजे सोबत म्हणून. त्यांना मराठी वाचता येतं, इंग्रजी नाही. एकेक अंक उतरवायचा, पान मोठं करायचं, स्तंभावरून हळूहळू खाली यायचं. कोमुनिदादच्या (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेच्या) नोटिसा, जमिनीच्या नोटिसा, मग नावं. 1996 चे अंक संपले. दुपारचे दोन वाजले. मधे चार-पाच गिऱ्हाइकं येऊन गेली, झेरॉक्स काढून परत बसले. 1997 चा नोव्हेंबर संपला. डिसेंबरचा दुसरा अंक मी खाली सरकवत होते, नजर आडनावावर, ते अख्खं कुठे दिसतं का तेवढंच बघत.

"थांब. मागे जा."

मी पान वर घेतलं.

"आणखी थोडं. ही बघ." काकींचं बोट पडद्याला टेकलं. "ही फुली."

स्तंभाच्या शेवटच्या ओळीत आडनाव तुटलं होतं. 'गाउन' वरच्या ओळीत, पुढे छोटी आडवी रेघ, आणि 'कार' खालच्या ओळीत. मी अख्खं आडनाव शोधत होते म्हणून माझ्या नजरेतून ते निसटलं. हे पान फोटो नसतं, तरी त्या रेघेने मशीनच्या शोधातूनही ते निसटू शकलं असतं. पण काकी आडनाव बघतच नव्हत्या. त्या मधलं नाव बघत होत्या. सासऱ्यांचं. विष्णू. पोर्तुगीज पद्धतीने 'व्ही, आय', मग 'एक्स', मग 'एन, यू, एम'.

"मामंजींकडे जुना कागद होता. पोरांना दाखवायचे आणि म्हणायचे, साहेबाने माझ्या नावावर फुली मारली तरी मी जिवंत आहे. मला अक्षरं येत नाहीत, पण ती फुली मी कुठेही ओळखते."

जुनं नाव, नवं नाव, गाव, डिचोलीचं रजिस्ट्रार कार्यालय, 30 दिवसांची हरकत. पाच-सहा ओळींची नोटीस. मी ती मोठ्याने वाचून मराठीत सांगितली. काकींनी पुन्हा वाचायला लावली. दुसऱ्यांदा वाचताना यजमानांच्या नावाशी आल्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि मीही पुढचं वाचायची थांबले. बाहेर पाऊस तसाच चालू होता.

अंकाचं पहिलं पान आणि नोटिशीचं पान, दोन्हींच्या तीन-तीन प्रती काढल्या. मालिका, अंक क्रमांक, तारीख आणि पान क्रमांक वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, कारण खिडकीवर फक्त 'गॅझेटात आहे' म्हणून चालत नाही, आणि पणजीहून सही-शिक्क्याची प्रत मागवायची तरी हेच चार आकडे लागतात. फाइल काकींच्या मोबाइलमध्ये ठेवली, मस्कतला असलेल्या थोरल्या मुलाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, आणि पुतण्याच्या ई-मेलवरही. एवढ्या ठिकाणी वाळवी पोचत नाही.

किती झाले म्हणून काकींनी विचारलं. मी प्रिंटचे पैसे घेतले. त्यांना ते पटलं नाही. दोन आठवड्यांनी पुतण्याच्या हाती कुळागरातल्या सुपाऱ्यांची पिशवी आली, आणि निरोप, की कागद खिडकीवर घेतला गेला, पुढची तारीख मिळाली.

त्या संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी मी स्पेलिंगची वही उघडली. विष्णूच्या समोर माझ्या अक्षरात नुसतं 'व्ही'पासूनचं आजचं स्पेलिंग होतं. त्याखाली पोर्तुगीज स्पेलिंग लिहिलं, आणि मधल्या अक्षराभोवती लाल पेनाने गोल केला. शेजारी लिहिलं: तुटलेली ओळही बघणे, आणि आधी घरच्या माणसाला विचारणे, तुम्ही नाव कशावरून ओळखता.